डबीमॅडम आणि पोटातली वस्ती

माणसं भेटली की एकमेकांना "कसे आहात?" विचारतात आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. आमच्या डबीमॅडम "पोट कसं आहे?" असं विचारायच्या, आणि नुसत्या "बरं आहे" या उत्तरावर त्यांचं समाधान होत नसे. बरं म्हणजे कसं? रोज ठरल्या वेळेला होतं की चुकतमाकत? मध्यंतरी तापाची औषधं घेतली होती, त्यानंतर काही फरक पडला? हे सगळं त्या लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर विचारत. एकदा आमच्या प्राचार्यांना त्यांच्याच निरोप समारंभात, हातात शाल आणि नारळ घेऊन उभे असताना, व्यासपीठावर विचारलं. माईक चालू होता. प्राचार्य मोठे कडक गृहस्थ, पण त्यांनीही सविस्तर उत्तर दिलं. मॅडमच्या विचारण्यात चेष्टा नसे आणि संकोचही नसे. घरची माणसं कशी आहेत हे विचारावं, तशा त्या विचारत.

मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि त्या सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या दोघांच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती. त्या मूळच्या मालवणकडच्या, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाडीतल्या. वडील बोटीवर स्वयंपाकी, आई गोव्याची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पुण्यात पीएचडी केली, पुढे हैदराबादला एका मोठ्या संस्थेत कितीतरी वर्षं जनुकांवर काम केलं, आणि बरोबरीचे लोक परदेशाची तिकिटं काढत होते त्या वयात या बाई सामान बांधून सिंधुदुर्गात परतल्या. का परतलात, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "थंय मशिनां होती, सावंतानू. पोटां हय आसत," म्हणाल्या. स्टाफरूममध्ये आमचं बोलणं शुद्ध मराठीत चाले. मनापासून काही सांगायचं असलं की त्या मालवणीवर यायच्या, आणि मग मी 'सर'चा 'सावंतानू' व्हायचो.

डबी या शब्दाचा खुलासा करायला हवा. किनाऱ्यावरच्या माणसांच्या आतड्यात कोणकोणते सूक्ष्मजीव राहतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी लागायची ती एक लहानशी पांढरी डबी. झाकणाला आतून चमचा जोडलेला, तळाशी नमुना टिकवणारं थोडं औषधी पाणी. ती घरोघरी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणायची. काय भरून आणायची, ते सांगायला नकोच. मॅडमना गाडी चालवता येत नव्हती, माझ्याकडे जुनी गाडी होती, म्हणून मी सोबत. देवबागच्या पहिल्याच घरी एका म्हाताऱ्या आजीने सगळं ऐकून घेतलं आणि डबी थेट अंगणात भिरकावली.

"शिरा पडो तुज्या शिकण्यार! इतक्या शिकलंस ता ह्या मागूक?"

मी गाडीकडे वळलो होतो. मॅडमनी डबी उचलली, पदराने पुसली आणि आजीच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"आजये, तुज्या पोटात जी वस्ती आसा ना, ती खंयच्याच पुस्तकात नाय. दुनयेतल्या मोठमोठ्या लोकांची पोटां बघून झाली. तुजा कोणी बघूकच नाय. म्हणान इलंय."

आजीने मान वळवून मॅडमकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुस्तकात नाय?"

"नाय."

"मगे ठेव थंय डबी."

संध्याकाळपर्यंत ही हकिकत वाडीभर झाली. दुसऱ्या दिवशी लोक आपण होऊन विचारायला लागले, "आमची पोटां पुस्तकात घालूची नाय काय?" तेव्हापासून बाई कायमच्या डबीमॅडम झाल्या. त्यांना त्या नावाचा राग नव्हता. कॉलेजात त्यांच्या खोलीच्या दारावर पदव्यांसकट लांबलचक नाव रंगवलेलं होतं, पण त्या नावाने पत्ता विचारत आलेल्या माणसाला रिक्षावाले परत पाठवायचे.

अवघड गोष्ट सोपी करून सांगताना त्या समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी बघत. एकदा जाळी विणत बसलेल्या माणसांपैकी एकाने विचारलं, "मॅडम, हे जंतू पूर्वीपण तपासत होते मां? काचेच्या बशीत वाढवून? मगे ता जनुक-बिनुक कित्याक?" मॅडम तिथेच वाळूत बसल्या. म्हणाल्या, "खोल दर्यातलो मासो वर काडलो की जगता?" "नाय." "मरता. बशीत वाढवूचो म्हटलास तर वाढतलो?" "कसो वाढतलो?" "पण मेलेल्या माशाची जात तुका वळाखता येता मां?" तो माणूस हसला. "मासो कित्याक? खवला दाखवा, जात सांगतंय." "बस, ताच. पोटातले बरेचसे जीव भायरचा वारा लागलो की मरतत. बशीत वाढनत नाय. पण तेंचा जनुक रवता. मी खवल्यावरसून जात सांगतंय." त्यांच्या त्या एका उत्तरावर मी पुढे वर्गात कितीतरी तास घेतले. बी.एस्सी.च्या पुस्तकातली चार पानं त्या जाळ्यापाशी संपली होती.

'जंतू' हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. विद्यार्थ्याने म्हटलं की लगेच थांबवायच्या. "जंतू कोणाला म्हणतोस? तुझी पेज पचवायला जे मदत करतात त्यांना? आधी ओळख करून घे, मग नावं ठेव." आपल्या आत राहणारे बहुतेक जण सज्जन आहेत, काही नुसतेच बसून आहेत, थोडे उपद्रवी आहेत, आणि कोण कोण आहे हे कळल्याशिवाय सगळ्यांवर एकच औषध ओतणं म्हणजे चोर सापडत नाही म्हणून अख्खी वाडी पेटवण्यासारखं, असं त्या तळमळून सांगत.

त्यांच्या श्रद्धेचाही एक नमुना सांगतो. नमुन्यातले जीव बारीक मण्यांसोबत जोरजोरात घुसळून फोडायचे, आतलं जनुकद्रव्य वेगळं करायचं, आणि मग एका यंत्रात त्याच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढायच्या. ते यंत्र तापतं, निवतं, पुन्हा तापतं, आणि दर फेरीला एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. तेवढा वेळ माणसाला काही काम नसतं. बाकीचे चहाला जात. मॅडम स्टुलावर बसून रोझारी काढत आणि मणी ओढत बसत. मी एकदा भीत भीत विचारलं, विज्ञानाच्या खोलीत हे कसं काय? त्या हसून म्हणाल्या, "सर, यंत्र आपली माळ ओढतंय, मी माझी. दोघांनाही मध्ये कोणी बोलवलेलं चालत नाही." मी निमूटपणे दार लावून घेतलं.

एका पावसाळ्यात वादळाने विजेचे खांब आडवे झाले आणि वीज कधी येईल याचा पत्ता नव्हता. फ्रीझरमध्ये वर्षभर फिरून गोळा केलेल्या डब्या. मी सैरभैर. मॅडम मला घेऊन थेट मालवणच्या बंदरावर गेल्या आणि मासळी पाठवणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "बाबल, माका बर्फ व्हया, आनि सुरमयची एक नवी पेटी." "काय भरूचा आसा?" मॅडमनी काय भरायचं आहे ते स्पष्ट सांगितलं. आजूबाजूचे सगळे थांबले. बाबल डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, दुसरा कोण असता तर बंदरात ढकलून दिला असता." मग त्याने पेटी दिली, बर्फ दिला, आणि ही पेटी पुन्हा मासळीला लागू नये म्हणून स्वतःच्या हाताने तिच्यावर लाल रंगाची भलीमोठी फुली मारली. वीज येईपर्यंत त्याचा माणूस रोज बर्फ पोचवत होता.

मोठेपणा अंगावर चालून आला तरी त्या बधायच्या नाहीत. त्यांचं काम वर्तमानपत्रात आल्यावर एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. सोलकढीची पावडर विकणार होते. डब्यावर छापायला मॅडमचं एक वाक्य हवं होतं: सोलकढीने पोटातले चांगले जीवाणू वाढतात, असं. मॅडमनी त्यांना सोलकढी पाजली, तीही स्वतः केलेली, आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे हे मी लिहून देते. वाढतात की नाही ते मी अजून बघितलेलं नाही." ते म्हणाले, "मॅडम, पण सगळ्यांना माहीतच आहे." "मग माझं वाक्य कशाला हवं?" असं त्यांनी विचारलं आणि आणखी एक वाटी पुढे केली.

पण डबीमॅडम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे येतं, ते कमलवहिनीच्या विहिरीचं प्रकरण. आमच्याकडच्याच एका खाडीकाठच्या वाडीत ते घडलं. नाव सांगत नाही, वाडीतल्या लोकांना आता त्याची आठवण नको आहे. तिथे कमलवहिनीची खानावळ होती, आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. नवरा बोट चालवायचा. चारी बाजूंनी खारं पाणी, पण वहिनीच्या परसातली विहीर गोडी. अर्धी वाडी तिच्यावर पाणी भरायची, आणि वहिनीला त्याचा अभिमान होता.

वाडीतल्या भाऊंच्या मुलीचं लग्न झालं. भाऊ म्हणजे तिथला वजनदार माणूस. जेवण कमलवहिनीनेच केलं. लग्नाला दोन दिवस होत नाहीत तोवर माणसं पटापट आजारी पडायला लागली. पाण्यासारखे जुलाब, उलट्या, पायात गोळे. भाऊंच्या आईला कणकवलीला नेऊन सलाईन लावावं लागलं आणि एका क्षणी तर डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं. म्हातारी वाचली. पण तोपर्यंत वाडीचा निकाल लागला होता: जेवण कोणी केलं? कमलने. पाणी कोणाचं? कमलच्या विहिरीचं. आरोग्य खात्याची माणसं आली, खबरदारी म्हणून त्यांनी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. ती पांढरी पावडर कठड्यावर दिसली आणि लोकांच्या लेखी गुन्हा शाबीत झाला. खोल्यांचं बुकिंग रद्द झालं. खानावळीच्या पाटीवर कोणीतरी रात्रीतून शेण फासलं. वहिनीच्या मुलीच्या शेजारी शाळेत कोणी बसेना.

रुग्णांचे नमुने तपासले गेले होते. अहवाल असा होता की आतड्यात नेहमी सापडणारेच जीवाणू आढळले, रोग करणारं वेगळं काही वाढलं नाही. हे ऐकून मॅडम खुर्चीतून उठल्या.

"नेहमीचेच म्हणजे काय? पोलिसाचा गणवेश घालून चोर आत गेला, तर दारावरचा माणूस 'पोलीस गेला' असंच सांगणार. ई. कोलाय तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पोटात असतो. बशीत वाढवला तर साधू आणि चोर सारखेच दिसतात. विष तयार करणारं जनुक कोणाकडे आहे, ते विचारायला नको?"

त्याच दुपारी आम्ही वाडीत गेलो. कमलवहिनीने दार अर्धंच उघडलं. मॅडमच्या हातातली डबी बघून तिचे डोळे भरले.

"मॅडम, आता तुमी पण?"

मॅडम उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "गो कमल, मी तुका सोडवूक येवक नाय. काय झाला ता बघूक इलंय. तुज्या पोटात गावला, नायतर तुज्या बावडेच्या पाण्यात गावला, तर ता मी सगळ्यांसमोर सांगतलंय. तुका चलात तर डबी घे."

मला ते बोलणं फार कठोर वाटलं. आधीच पिचलेल्या बाईला थोडा तरी धीर द्यायचा. वहिनीने दार पुरतं उघडलं. मग तिने विचारलं, "आनि नाय गावला तर?"

"तर तापण सगळ्यांसमोर."

वहिनीने हात पुढे केला. "द्या."

विहिरीत पावडर पडल्यामुळे तिचं आत्ताचं पाणी उपयोगाचं नव्हतं. वहिनीलाच आठवलं, पर्यटकांसाठी लग्नाच्या दिवशी भरून ठेवलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये तशाच होत्या. त्या घेतल्या. मग मॅडम लग्नघरी गेल्या आणि मांडवाच्या मागे हिंडल्या. तिथे एक काळी टाकी होती. "ह्या कोणाचा पाणी?" भाऊंचा पुतण्या म्हणाला, विहिरीचं पाणी एवढ्या माणसांना पुरलं नसतं म्हणून टँकर मागवला होता. पिण्याला नाही वापरला. नुसते हात धुवायला, पेले विसळायला. "आनि सरबत?" तो थबकला. कोकम सरबताचं पिंप त्याच टाकीवर भरलं होतं. टाकीच्या तळाशी अजून पाणी होतं. मॅडमनी तेही घेतलं, आणि आजारी माणसांचे उरलेले नमुने इस्पितळातून मागवले.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. पहिल्या तपासणीचा निकाल यंत्राच्या पडद्यावर उमटला तेव्हा मी त्यांच्या मागे उभा होतो. ज्या नळीत ते विषारी जनुक असेल तिची रेघ वर चढते. रुग्णांच्या रेघा वर गेल्या. टाकीची गेली. आणि कमलवहिनीचीही गेली. मला दिसत होती ती तिची मुलगी, बाकावर एकटी बसलेली. मी म्हणालो, "मॅडम, हे आपण सांगायलाच हवं का?"

त्या वहिनीच्या रेघेकडे बघतच नव्हत्या. प्रत्येक तपासणीत एक नळी कोरी असते, तिच्यात कोणाचाच नमुना घालत नाहीत, नुसतं शुद्ध पाणी. तिची रेघ सपाटच राहायला हवी. मॅडमनी बोट तिच्यावर ठेवलं. तीही वर चढली होती.

"कोरी नळी पण बोलायला लागली, सर. म्हणजे हे तिच्या पोटातलं नाही. आमच्या टेबलावरचं आहे. कुठेतरी माझा हात चुकला." आणि ती सगळी तपासणी त्यांनी टाकून दिली. रुग्णांचे आणि टाकीचे निकाल अपेक्षेसारखे होते, तेही टाकले. मी म्हटलं, तेवढे तरी ठेवू. "ज्या दिवशी कोरी खोटं बोलली, त्या दिवशी कोणीच खरं बोललं नाही." त्यांनी टेबल, कपाट, दाराच्या मुठी, सगळं धुऊन काढलं, सगळी द्रव्यं नवीन मागवली, आणि मूळ डब्यांपासून पुन्हा सुरुवात केली. रोझारी त्या दिवसांत पर्समधून बाहेर आलीच नाही. पुढच्या वेळी रेघा चढायला लागल्या तेव्हा आम्ही दोघं फक्त कोरीकडे बघत होतो. कोरी सपाट राहिली. रुग्ण वर, टाकी वर. विहिरीच्या बाटल्या सपाट. कमलवहिनी शेवटपर्यंत सपाट.

तेवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. टाकीतला आणि रुग्णांच्या पोटातला जीवाणू एकच, की नुसता एका जातीचा, हे पाहण्यासाठी दोन्हींची संपूर्ण जनुकं पुण्याला पाठवून वाचून घेतली. तिकडून निरोप आला: जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखं.

देवळाच्या सभामंडपात वाडी जमली. मॅडम चप्पल काढून पायरीशी उभ्या राहिल्या. आत यावं की नाही या विचारात असाव्यात. भाऊंची आईच, नुकती आजारातून उठलेली, म्हणाली, "गो बाय, भायर कित्याक उबी? आत ये." मॅडम आत गेल्या आणि त्यांनी मालवणीत, कागदाकडे न बघता, सगळं सांगितलं. कोणते नमुने घेतले, पहिल्या वेळी स्वतःची चूक कशी झाली, मग काय दिसलं. "कमलच्या बावडेत काय नाय. तिच्या पोटात काय नाय. सरबताच्या पाण्यात आसा."

भाऊ उठले. त्यांचा आवाज चढला होता, "म्हणजे आमीच लोकांका विष पाजला, असा म्हणतास?"

"भाऊ, तुमी पाणी मागवलास. वायट पाणी मागवूक नाय. माज्या कागदार जिवाणूचा नाव आसा, माणसाचा नाव नाय. ता कोणी लिवा पण नको."

भाऊ खाली बसले. मग पुन्हा उठले आणि तडक बाहेर गेले. ते रागावून गेले असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीचं ताजं पाणी तपासायला गेलो, तर वहिनीच्या अंगणात भाऊ बसलेले. शेणाने माखलेली पाटी त्यांनी स्वतः घासून काढली होती आणि बाहेरच्या भिंतीला वाळत लावली होती. थोड्याच वेळात बायका यायला लागल्या. कमरेवर कळश्या, माना खाली. सरळ विहिरीकडे निघाल्या. कमलवहिनी आडवी झाली.

"आधी बसा. चाय घेवा. पाणी मगे."

एकीने काहीतरी पुटपुटून वाट काढायचा प्रयत्न केला. "बसा म्हटला मां?" वहिनी म्हणाली. सगळ्या बसल्या. वहिनीने एकेकीच्या हातात कप दिला, प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून दिला, आणि शेवटची बाई चहा प्यायल्यावरच विहिरीवरची फळी बाजूला केली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पाण्याची बाटली छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांना पुढे मिळालेल्या कुठल्याही मानपत्राच्या वेळी पाहिलं नाही.

त्यानंतर जिल्ह्यातले सरकारी डॉक्टर अडलं की कॉलेजात नमुने पाठवू लागले. मॅडमचं संशोधन मोठ्या मासिकात छापून आलं आणि आभारात त्यांनी वाड्यांची नावं घातली. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात त्यांना एक असा जीव सापडला होता, की जगभरच्या जनुकनोंदींच्या साठ्यात त्याच्याशी जुळणारं जनुक नव्हतं. ही बातमी त्यांनी पहिल्यांदा देवबागच्या त्या आजीला जाऊन सांगितली. "आजये, तुज्या पोटात एक आसा, तेका अजून नावच नाय." आजीने विचारलं, "मगे ठेव मां. काय ठेवतंस?" मॅडम म्हणाल्या, आधी तो वाढवून दाखवायला हवा, मग नाव. आजीला ते पटलं नाही. पोरगं जन्माला आलं की नाव ठेवतात, मोठं झाल्यावर नव्हे, असं ती म्हणाली. बाजारात मात्र तिने सगळ्यांना सांगून टाकलं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता घरी बसतील, चर्चच्या गायनात गातील. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका इस्पितळाने त्यांना बोलावलं. तिथे लहान मुलं हगवणीने दगावत होती आणि कशाने ते कळत नव्हतं. परिचारिकांना ही तपासणी शिकवायची होती. वडील बोटीवर असताना तिकडच्याच बंदरांतून जायचे. भाषा पोर्तुगीज, आणि मॅडमना आईकडून आलेल्या प्रार्थनांपलीकडे त्या भाषेतलं काही येत नव्हतं. मी म्हणालो, "या वयात?" "वय माझं झालंय, सर. तिथल्या पोरांचं नाही."

मी आणि शलाका त्यांना कणकवली स्टेशनवर पोचवायला गेलो. शलाका त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्या जागेवर शिकवते. गाडीला थोडा वेळ होता. मी काय बोलायचं ते घरूनच ठरवून आलो होतो. वर्षानुवर्षं एका भिंतीपलीकडे काम केलं, काहीतरी नीट बोलायला हवं होतं. तेवढ्यात मॅडमच्या पर्समध्ये प्रयोगशाळेचा फोन वाजला; तो परत करायचा राहून गेला होता. वैभववाडीकडचे एक सरकारी डॉक्टर होते. तिथल्या एका वसतिगृहातल्या मुली सकाळपासून आजारी होत्या.

मॅडमनी ऐकून घेतलं. गाडीची घोषणा सुरू झाली. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "एक मिनिट हं डॉक्टर, मॅडमना देते." आणि फोन शलाकापुढे धरला.

शलाकाने वळून मागे पाहिलं, कोणत्या मॅडम ते कळेना म्हणून. मग तिने फोन घेतला. आधी आवाज कापरा होता. "डॉक्टर, सलाईन आणि मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा, त्यात खंड नको. पण बाकी औषध देण्याआधी नमुने घ्या. सगळ्यांचे. आणि स्वयंपाकघरातलं पाणी कोणाला ओतून टाकू देऊ नका." बोलता बोलता आवाज स्थिर झाला. गाडी आली. मी सामान चढवलं. मॅडम दारात उभ्या होत्या आणि बघत होत्या शलाकाकडे, माझ्याकडे नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. ठरवून आणलेलं माझं बोलणं तसंच राहिलं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

स्टेशनाबाहेर मी गाडी घराकडे वळवणार होतो. शलाकाने फोन कानाशी तसाच धरून दुसऱ्या हाताने खूण केली, सरळ, हायवेला. वैभववाडीच्या वाटेवरचं नांदगाव मागे पडलं तरी ती डॉक्टरांशी बोलतच होती.